पारड्याखालचा तुकडा

हे लिहायला मला डॉक्टर रफतनं लावलं. म्हणाली, "काकू, तुमच्यासारखं आणखी कुणावर आलं तर त्यांना वाचायला काहीतरी पाहिजे. आमची पुस्तकं त्यांच्या कामाची नाहीत." मी म्हटलं, बाई गं, मी दहावी शिकलेली, भुसार दुकानदाराची बायको. मला मापं कळतात, लिहिणं कळत नाही. तर म्हणते, बोलता तसं लिहा. डाव्या हाताला आता तीनच बोटं आहेत, पण मी लिहिते उजव्यानं, त्यामुळं तेही निमित्त राहिलं नाही.

एक आधीच सांगते. यात कुणाला धीर मिळावा म्हणून मी खोटं घालणार नाही. खोट्यानं आमचं काय झालं तेच तर सांगायचंय.

दुकान

मानवतला मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या गल्लीत आमचं दुकान. मोठे व्यापारी मोंढ्यात पोत्यांनी माल घेतात. आमच्याकडं यायच्या त्या खेड्यातल्या बाया, डोक्यावर गाठोडं घेऊन. पाच किलो मूग, सात किलो तूर, सणाच्या बाजारासाठी मोडायला आणलेली. दुकानात इलेक्ट्रिक काटा आहे, पण त्याच्यावर बायांचा भरोसा नाही. "त्यो लाल आकडा आमाला काय कळतंय? अप्पा, तुमी तराजूनंच घ्या," म्हणायच्या.

अप्पा म्हणजे आमचे हे, मन्मथअप्पा. आमच्या लिंगायत समाजात यांना मान होता. मठात कार्यक्रम असला की चार शब्द बोलायला यांनाच उभं करायचे, आणि हे बोलायचे ते कायकावर. आपलं काम हीच शिवाची पूजा, कामात खोट म्हणजे पूजेत खोट. ऐकणारे माना डोलवायचे. गल्लीत लोक म्हणायचे, अप्पाचा काटा म्हणजे देवाचा काटा.

आता खरं लिहिते. त्या तराजूला पासंग होता. तराजूचं एक पारडं हलकं भरत असलं तर त्याच्या खाली काहीतरी बांधून दोन्ही सारखी करतात, त्या बांधलेल्या वस्तूला पासंग म्हणतात. ती झाली इमानाची गोष्ट. आमची दोन्ही पारडी सारखीच होती. तरी वजनाच्या पारड्याखाली पासंग होता. म्हणजे दर मापाला मूठभर मूग आमच्याकडं जास्ती यायचा. सासऱ्यांच्या काळापासून चालत आलेलं. "सगळेच ठेवतात," हे म्हणायचे, आणि मीही तेच म्हणायचे. रोज सकाळी तो बांधायचं आणि संध्याकाळी सोडून मागच्या फळीवरच्या तांब्यात ठेवायचं काम माझं, कारण वजनमापाचा साहेब कधी येईल याचा नेम नाही.

त्या साली मूग निघायच्या तोंडावर जुना पासंग हरवला. यांनी भंगारवाल्याकडून जुनी वजनं घेतली होती, त्यात एक तुकडा निघाला. बोटाएवढा, गुळगुळीत, आकाराच्या मानानं लय जड. हे खुश झाले. "बघ महानंदा, असा पाहिजे. कुणाच्या नजरेत येणार नाही." डाव्या हातात धरून, उजव्यानं तार गुंडाळून मी तो बांधला. वजनाचं पारडं गादीवर टेकलेलं असायचं, यांच्या डाव्या मांडीला लागून, आणि वजनं हे डाव्या हातानंच चढवायचे-उतरवायचे. सकाळी नऊपासून संध्याकाळी दिवा लावेपर्यंत हे तिथून हलायचे नाहीत. मुगाचा हंगाम तीन आठवडे चालला.

नागीण

आधी यांना उलट्या झाल्या. बाहेरचं खाल्लं असेल, म्हणून मी दोन दिवस मऊ भात घातला. मग थकवा. गादीवर बसल्या बसल्या डोळे मिटायचे. मग डाव्या हाताची बोटं लाल झाली, आणि चार दिवसांनी माझी. हातावर फोड आले, पाण्यानं भरलेले. गावातल्या डॉक्टरांनी अॅलर्जी म्हटलं. शेजारणीनं नागीण म्हटलं आणि कुणाकडं तरी उतरवायलाही नेलं. तिथल्या म्हाताऱ्यानं फोडांवर गेरू लावला, मंत्र म्हटला आणि म्हणाला, दोघांना एकदम उठलेली नागीण मी जन्मात बघितली नाही.

तोच पहिला माणूस, ज्याला ‘दोघांना एकदम’ ही गोष्ट खटकली. बाकीच्यांनी आमाला वेगवेगळे कागद लिहून दिले.

हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा यांचे थोरले भाऊ, विश्वनाथअप्पा, जीप करून आमाला परभणीला घेऊन गेले. मी त्यांना दादा म्हणते. जीपमध्ये यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. उतरताना बघितलं तर माझ्या पदरावर केसांचा पुंजका. मी तो मुठीत दाबून धरला, दादांना दाखवला नाही.

निदान

ज्या दवाखान्यात गेलो त्याचं नाव लिहीत नाही. त्यांनी जे जमलं ते सगळं केलं. तिथं डॉक्टर रफत होती, परभणीचीच पोरगी, तिशीची. तिनं यांचा हात बघितला, माझा बघितला, यांच्या रक्ताचा कागद बघितला आणि खुर्ची ओढून आमच्यासमोर बसली. डॉक्टर खुर्ची ओढून बसला की समजावं, खबर चांगली नाही.

"काकू, घरात नाहीतर दुकानात कुठली धातूची वस्तू नवी आली का? भंगारातली? जड?"

मी यांच्याकडं बघितलं. हे म्हणाले, "एक तुकडा आलता वजनांबरोबर. तांब्यात टाकून ठेवलाय, मागच्या फळीवर. दोन-चारदा हातात घेतला असंल." बोलताना यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही. मीही ते चालवून घेतलं. मला तेव्हा वाटलं, तांब्यात काय आणि पारड्याखाली काय, आजार तोच ना.

दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीत यंत्रं घेऊन माणसं आली. मी नव्हते, पण ऐकलंय. दुकानाच्या शटरपासून दहा पावलांवर यंत्र टिकटिकायला लागलं, आत शिरले तसं ते नुसतं किंचाळायला लागलं. तुकडा तांब्यातच सापडला. गल्ली रिकामी केली. आमच्या दुकानातला मूग, चिंचोके, देवाचा फोटो, सगळं मेणकापडानं झाकलं. कुठल्यातरी कारखान्याच्या यंत्रातला तो किरणोत्सर्गी तुकडा होता. भंगारात कसा आला त्याची चौकशी अजून चालू आहे.

रफत म्हणाली, "एक्स-रे असतो ना काकू, तसंच. फक्त हा बंद होत नाही." मी विचारलं, हे जगतील का? ती म्हणाली, "अंगात किती गेलंय ते कळलं तर सांगता येईल." त्यातच सगळं आलं, पण मला तेव्हा ते कळलं नाही.

वॉर्ड

वरच्या मजल्यावर आमाला दोन खोल्या दिल्या, मध्ये काचेचं दार. पहिल्या दिवशी अंगावरचं सगळं काढून पिवळ्या पिशवीत घातलं. लुगडं, बांगड्या, यांचं धोतर. तोंडाला मास्क लावलेला एक माणूस यांच्या गळ्यातल्या चांदीच्या डबीला हात घालायला गेला तेव्हा हे ओरडले. आमच्यात इष्टलिंग गळ्यात असतं, जन्मापासून मातीत जाईपर्यंत. ते अंगावेगळं करत नाहीत. "जीव घे, पण त्याला हात लावू नको!" एवढा अशक्त माणूस, पण तिघांना आवरेना. शेवटी रफतनं स्वतः दोन्ही हात धुतले, ओंजळ केली आणि म्हणाली, "अप्पा, माझ्या हातावर ठेवा. यंत्र फिरवते आणि तुमच्यासमोर परत देते." मुसलमानाची लेक, डोक्यावर ओढणी घेऊन उभी राहिली. यंत्र गप्प राहिलं. तिनं डबी परत यांच्या गळ्यात घातली.

तेव्हाच कळलं की तुकडा फुटलेला नव्हता. आमच्या अंगावर काही चिकटलेलं नव्हतं, आमच्यापासून कुणालाच धोका नव्हता. ज्याला कुणाला असं होईल त्याच्या घरच्यांसाठी हे ठळक लिहा, असं मी रफतला सांगितलंय. आमचा डबा घेऊन येणारा माणूस डबा जिन्यातच ठेवून पळायचा. माझी सख्खी भावजय काचेबाहेरून हात हलवून गेली. आमची लेक शिवकांता तेवढी आत आली, माझ्या पायाशी बसली आणि म्हणाली, "आई, तुझे पाय किती गार पडलेत." मला त्या एका वाक्यावर आठवडाभर जगता आलं.

सकाळी सहाला रक्त. आठला रक्त. मलमपट्टी बदलायची ती दहाला, आणि साडेनऊपासून आमचे दोघांचे डोळे घड्याळाकडं. पट्टी सुटताना मी ओरडायचे, शिव्या द्यायचे, अगदी आईमाईवरून. हे ओरडायचे नाहीत. पूजेला डावा तळहात लागतो, लिंग त्याच्यावर घेऊन बसायचं असतं. यांच्या तळहातावर कातडीच उरली नव्हती. माझाही डावा पट्टीत. मग काचेचं दार उघडून मी जायचे, माझा उजवा तळहात यांच्यासमोर धरायचे आणि हे त्याच्यावर लिंग ठेवून बघत बसायचे. शास्त्रात बसतं का, ठाऊक नाही. मी विचारलं नाही कुणाला.

परदेशी

दहा-बारा दिवसांनी परदेशी डॉक्टर आले. असला आजार ज्यांनी बघितलाय असे जगात थोडेच, म्हणून सरकारनं बोलावले होते. त्यांच्यातली मुख्य एक उंच, पांढऱ्या केसांची बाई. एलेन. हातमोजे न घालता तिनं माझा चांगला हात हातात घेतला. मला बरं वाटलं आणि लगेच संशय आला, की हिला आमच्यात एवढा जीव कशाला?

दादांना तर पहिल्यापासूनच. काचेबाहेरून म्हणायचे, "गोरी माणसं फुकट येतेत व्हय? रगत न्यायलेत नळ्या भरभरून. तिकडं जाऊन औषधं काढतील, आन् आपला माणूस उंदरासारखा वापरतील. मी सही देत न्हाई." आपल्यातले साहेब लोकही कुजबुजत होते. रक्त परदेशी तपासायला पाठवायचं की इथंच, यावर कागदांची ये-जा चालू होती. आणि ते परदेशी आपल्या साहेबांना विचारत होते, तुकडा हा एकच होता का, का तुमी दुसरं काही लपवायलात?

दादांनी सही दिली नाही. चार दिवस गेले. शेवटी रक्त दोन भागांत विभागायचं ठरलं, एक इथं तपासायचं आणि एक तिकडं पाठवायचं, तेव्हा कुठं दादांनी सही दिली.

एलेनबाईला रक्तापेक्षा एक गोष्ट जास्ती पाहिजे होती. तुकडा अंगापासून किती लांब होता, कुठल्या बाजूला, किती वेळ. रफत मराठीत सांगायची: "अप्पा, वरून कातडी चांगली दिसते पण आतलं मांस मेलेलं असतं. किरणं कुठून आली ते कळलं तरच कुठंपर्यंत कापायचं ते ठरतं. कमी कापलं तर आत सडतं. नीट आठवून सांगा."

हे म्हणाले, "तांब्यात होता."

तोवर यांच्या डाव्या मांडीवर लाल चट्टा उठला होता. तो यांनी तीन दिवस चादरीखाली लपवला. नर्सला दिसला तेव्हा म्हणाले, "हां, एकदा सदऱ्याच्या खिशात ठेवलता. तासभर."

आण

ती माणसं खोलीतून गेल्यावर मी काचेचं दार उघडलं. "अहो, सांगून टाका की. मरणाच्या दारात कसली लाज?"

 यांचे ओठ फुटलेले, बोलायला तकलीफ व्हायची. "गावाला कळंल. पेपरात येईल. मठात मी काय बोलत होतो ते लोकांना आठवंल. शिवकांता सासरी तोंड कशी दाखवंल? दादांनी आयुष्यभर माझ्या नावावर मान घेतला."

"आणि तुमी मेल्यावर मी काय मान चाटत बसू?"

"महानंदा, माझ्या गळ्यातल्या लिंगाची आण हाय तुला. बोलायचं न्हाई."

मी आण पाळली. आठ दिवस. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक ती, आणि मी ती मोठी पतिव्रता असल्यासारखी केली. मला माझीही लाज होती, हे पण लिहिते. तार मी बांधत होते ना? अप्पाच्या काट्याचं कौतुक करणाऱ्या त्याच बायांना मी चहा द्यायचे.

त्या आठ दिवसांत खिशातला तासभर धरून त्यांनी मांडीचा एक छोटा तुकडा कापला. जखम भरेना. ताप उतरेना. दोन्हीकडचे रक्ताचे निकाल आले, आणि जे झालं ते ऐकून मी भिंतीला डोकं टेकलं. अंगात किती गेलं त्याचा दोन्हीकडचा आकडा जवळपास सारखाच होता, आणि यांच्या सांगण्याशी दोन्ही जुळत नव्हते. आपल्या साहेबांना वाटलं, परदेशी लोक यातून मोठं प्रकरण उभं करायलेत. परदेशींना वाटलं, आपले साहेब खरा अपघात झाकायलेत. जिन्यात दोघांची भांडणं. दादा म्हणाले, "बघा, मी म्हणलं न्हवतं? ह्यांच्यात गडबड हाय." दोन देशांची शहाणी माणसं एकमेकांना खोटं पाडत होती, आणि खोटं माझ्या नवऱ्याच्या तोंडात होतं. आणि माझ्या.

खडू

नवव्या दिवशी सकाळी रफत आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले. मी विचारलं, काय झालं गं? तिनं पट्टीची कात्री खाली ठेवली. "परदेशी डॉक्टर उद्या चाललेत, काकू. त्यांच्या वरच्यांनी बोलावलंय. म्हणतेत, खरी माहितीच देत नसाल तर आमी हवेत कापायचं का?"

काचेपलीकडं हे झोपले होते. तोंड उघडं, श्वास वर वर. आणि तो वास. तो वास मी लिहू शकत नाही.

मी गळ्यातल्या लिंगाला हात लावला आणि म्हटलं, देवा, तुझी आण मोडायलेय, काय करायचं ते माझं कर. "रफत, त्या बाईला बोलाव. आणि एक खडू आण."

फरशीवर मी दुकान काढलं. ही गादी. इथं हे बसायचे. हा आढ्याचा हूक, हा तराजू. एलेनबाईला कळेना. मग मी डब्यातल्या दोन ताटल्या घेतल्या, सलाईनच्या नळीनं बांधल्या, नर्सकडची कात्री दांडीसारखी धरली आणि एका ताटलीखाली खडू चिकटपट्टीनं लावला. ताटली खाली गेली. बाई बघत राहिली, आणि एकदम खाली बसली, फरशीवर, मी काढलेल्या गादीवर मांडी घालून. आपल्या डाव्या मांडीला हात लावून माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. तिनं बोटांनी विचारलं, किती तास? मी पट्टीतली धरून दहा बोटं दाखवली. तेव्हा मला दहा होती. किती दिवस? रफतनं सांगितलं, तीन आठवडे.

बाईनं डोळे मिटले. मग काहीतरी पुटपुटली. रफत पट्ट्या आवरायला लागली.

"काय म्हणाली?"

"काही नाही, काकू."

"रफत, आता तू पण लपवणार का?"

"म्हणाली, आठ दिवसांपूर्वी कळलं असतं तर..."

मी म्हटलं, तिला सांग, आमी चोर आहोत. बायांचं धान्य चोरत होतो, म्हणून बोललो नाही. रफतनं सांगितलं. ती उंच बाई उठली, माझ्याजवळ आली आणि म्हणाली, तिच्या आजोबांचं मटणाचं दुकान होतं. मापताना आजोबा काट्यावर अंगठा ठेवायचे. सगळ्या घराला ठाऊक होतं. आमी मटणाला शिवत नाही, पण त्या वेळी मला ती बाई माझ्या माहेरची वाटली. ती गेली नाही. वरच्यांना काय सांगितलं कोण जाणे, पण राहिली.

यांना मीच सांगितलं. "मी बोलले." यांनी मान भिंतीकडं वळवली. तिकडूनच आवाज आला, "दादाला?"

"नाही."

"सांगू नको."

शेवट

दुसऱ्या दिवशी मोठं ऑपरेशन झालं. कंबरेपर्यंत. आपले साहेब आणि परदेशी एकाच टेबलाशी उभे होते, सात तास. त्या दिवशी कुणीच कुणावर संशय घेतला नाही. पण सडलेलं आत पोटापर्यंत गेलं होतं. ऑपरेशननंतर बाराव्या दिवशी सकाळी, शिवकांता यांच्या तोंडात चमच्यानं पाणी घालत होती तेव्हा हे गेले. पाणी ओठांतून परत आलं. ती तरी आणखी एक चमचा घालायला गेली. मी तिचा हात धरला.

माझा हात वाचला, दोन बोटांवर भागलं. माझ्या बाबतीत खरं कापायच्या आधी कळलं, रोज सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटं, डावी बोटं. जेवढं मेलं होतं तेवढंच काढलं. एलेनबाईनं जाताना माझी पट्टी स्वतः बांधली. आमी दोघी रडलो. तिला मराठी येत नाही आणि मला तिचं काही येत नाही, तरी रडता आलं.

मातीला गावातली पंधरा माणसंही आली नाहीत. अंगातून किरणं निघतात म्हणे. आमच्यात माणसाला बसवून माती देतात. बसवायला हात कमी पडले, तेव्हा रफत चपला काढून पुढं झाली आणि तिनं यांच्या पाठीला हात लावला. तिला बघून आणखी चौघं पुढं आले.

गयाबाई

पुढच्या साली मुगाला मी दुकान उघडलं. दादा म्हणाले, नको. शिवकांता म्हणाली, नको. मी म्हटलं, मग मी काय भिंतींशी बोलत बसू? तराजू काढून टाकला, इलेक्ट्रिक काटा पुढं ठेवला. पहिले चार दिवस कुणी आलं नाही. पाचव्या दिवशी गयाबाई आली, जवळच्याच वाडीवरची, वीस वर्षांपासूनची गिऱ्हाईक. गाठोडं ओट्यावर टाकलं आणि माझ्या हाताकडं बघत म्हणाली, "लय सोसलंस गं माय."

मी तिला पाणी दिलं. पाणी देताना ठरवलं, की हिला सांगायचं. दादांना मी त्याच सकाळी सांगून मोकळी झाले होते. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला होता आणि म्हणाले होते, मेलेल्या माणसाची इज्जत काढू नको. पण ज्यांचं घेतलं त्यांना नाही सांगितलं तर कुणाला सांगायचं?

"गयाबाई, तो तुकडा तांब्यात नव्हता. वजनाच्या पारड्याखाली बांधलेला होता. पासंग होता. मी बांधायचे. दर मापाला तुमचा मूठभर मूग आमी खात होतो. वीस वर्षं. डॉक्टरांनी विचारलं तर हे बोलले नाहीत, तुमच्यासमोर लाज जाईल म्हणून. म्हणून ते गेले."

 ती शिव्या देईल, थुंकेल, गाठोडं उचलून जाईल, सगळ्याची मी तयारी केली होती. गयाबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"त्ये व्हय?" ती म्हणाली. "आमाला ठावं होतं की."

"काय ठाऊक होतं?"

"आगं, घरनं मापून आणतो आमी. घरी पाच, तुमच्याकडं पावणेपाच. समद्यांच्याच तराजूला पासंग आसतोय, अप्पाचा त्यातल्या त्यात बारीक. म्हणून तर हितं यायचो. आन् आमी तरी काय कमी? निघताना मुगाव पाणी शिपडायचो, वरनं सुका पसरायचो. फिट्टमफाट." ती हसली, मग माझं तोंड बघितलं. "येवढ्यासाठी बोलला न्हाई अप्पा? येवढ्यासाठी? आरं येड्या माणसा."

मी ओट्यावर बसले आणि मोठ्यानं रडले, गल्लीत लोक दारात येईपर्यंत. गयाबाई माझ्या पाठीवरून हात फिरवत होती आणि म्हणत होती, रडू नको माय, त्यात काय एवढं, त्यात काय एवढं. मला कुणाची माफी नको होती. मला ते आठ दिवस परत पाहिजेत.